दप्तर खिडकीतले, पण किल्ली कोणाच्या कमरेला?



उसाची लावण झाली की नोंद, नोंदीवरून तोडणीचा कार्यक्रम, तोड झाली की काट्याची पावती, पावतीवरून बिल आणि बिलातून सोसायटीची वसुली. ऊस जसा फडातून गव्हाणीपर्यंत जातो तसा त्याचा कागदही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात असतो. तोडलेला ऊस वाळला तर वजन घटते, उतारा घटतो, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. कागद वाळला तर काय घटते, हे मात्र बिल हातात पडल्यावर कळते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावयास हवेत, आणि उशीर झाल्यास सालीना १५ टक्के दराने व्याज. हा हक्क कायद्याने दिलेला असला तरी शेवटी तो एका तारखेच्या नोंदीवर उभा आहे. ती नोंद कुठे ठेवली आहे, कोण बघू शकतो, आणि उद्या ती उघडेल का, हा प्रश्न म्हणून फक्त कारकुनांचा नाही. तो सभासदांचा आहे.

कुणी म्हणेल, "आम्हाला बेण्याचं सांगा, पाण्याचं सांगा, हे कॉम्प्युटरचं कशाला?" तर मंडळी, बेण्याचंच सांगणार आहोत. थोडं सबुरीनं वाचा.

ब्राउझरमधली कचेरी म्हणजे काय

पूर्वी पत्र लिहिण्याची व तक्ते करण्याची प्रणाली प्रत्येक संगणकात वेगळी बसवावी लागे. ज्या टेबलावर ती बसवली त्याच टेबलावर काम. गट कार्यालयातून तक्ता मुख्य कार्यालयात पाठवायचा तर पेन ड्राइव्ह न्या, नाहीतर मेल करा. मग एकाच यादीच्या चार प्रती होतात. एकीचे नाव 'अंतिम', दुसरीचे 'अंतिम दोन', तिसरीचे 'अगदी अंतिम'. खरी कुठली ते कुणालाच सांगता येत नाही.

आता ब्राउझर, म्हणजे ज्या खिडकीतून आपण मोबाईलवर सातबारा पाहतो तीच खिडकी, तिच्यातच लिहिण्याचे व तक्त्याचे काम होते. कागद एकाच ठिकाणी, सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकावर राहतो. शेतकी खात्याचा माणूस घोणसीत बसून त्यात आकडा घालतो, दुसरा अतनूरला बसून पुढची ओळ भरतो आणि मुख्य कार्यालयात दोन्ही आकडे त्याच क्षणी दिसतात. कोणी काय बदलले, केव्हा बदलले, याची नोंद प्रणाली ठेवू शकते. खाडाखोड लपत नाही, हा यातला मोठा गुण.

जगात ही पद्धत साधारण २००५ च्या सुमारास रुजू लागली. रायटली नावाची एक छोटी प्रणाली निघाली, ती गुगलने २००६ साली विकत घेतली आणि तिच्यातून आजचे गुगल डॉक्स झाले. आपल्या देशातल्या झोहो कंपनीचे लेखनाचे साधनही २००५ चेच. पुढे २०१० साली मायक्रोसॉफ्टनेही आपली कचेरी खिडकीत आणली. यांतील पुष्कळ सोयी साध्या वापरासाठी फुकट मिळतात. फुकट मिळते ते वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण फुकट आणि आपले यांत फरक आहे, तो पुढे पाहू.

बेणे आणि पाकीट

कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत तयार झालेला को ८६०३२ हा वाण आपल्याकडे कसा पसरला? संस्थेने तयार केला, पाडेगावच्या संशोधन केंद्राने पारखला, आणि मग एकाने दुसऱ्याच्या मळ्यातून बेणे नेले. लावले, वाढवले, तिसऱ्याला दिले. ज्याने दिले त्याच्या मळ्यातले काही कमी झाले नाही. उलट पाकिटातल्या संकरित बियाण्याचे तसे नाही. पीक चांगले येते, पण त्याच पिकाचे बी राखून पुढच्या साली पेरले तर तसे उगवत नाही. दरवर्षी दुकानाच्या पायऱ्या चढाव्याच लागतात.

संगणकाच्या प्रणालीतही असे दोन प्रकार आहेत. बंद प्रणाली म्हणजे पाकीट: वापरा, पण आत काय आहे ते विचारू नका. खुली प्रणाली म्हणजे बेणे. तिचा मूळ लेख, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो सर्वांना वाचावयास मोकळा असतो. चार मुभा मिळतात: कशासाठीही वापरण्याची, आतली रचना तपासण्याची, तीत फेरफार करण्याची आणि मूळ किंवा सुधारलेली प्रत दुसऱ्याला देण्याची. ही चळवळ अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सुरू केली. 'ओपन सोर्स' हे नाव तिला पुढे १९९८ मध्ये मिळाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. स्वदेशी आणि खुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना झोहोची कचेरी-प्रणाली वापरण्यास सांगितले. परदेशी कंपनीवरचे अवलंबन कमी व्हावे, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण झोहोची प्रणाली खुली नाही. दुकान आपल्या गावचे झाले, तरी माल पाकिटातलाच राहिला.

मालक बदलले, बेणे टिकले

खुल्या कचेरीची वंशावळ जाणून घेण्यासारखी आहे. जर्मनीत स्टार डिव्हिजन नावाच्या कंपनीने स्टारऑफिस काढले. १९९९ साली ती कंपनी अमेरिकेच्या सन कंपनीने घेतली आणि २००० साली मूळ लेख जगासाठी मोकळा केला. त्याचे नाव ओपनऑफिस. २०१० साली सन कंपनीच ओरॅकलच्या ताब्यात गेली. काम करणाऱ्या मंडळींना पुढची खात्री वाटेना. त्यांनी सप्टेंबर २०१० मध्ये तेच बेणे उचलले, शेजारी नवा मळा केला आणि त्याला नाव दिले लिबरऑफिस. डॉक्युमेंट फाउंडेशन ही विश्वस्त संस्था तो सांभाळते. मालक दोनदा बदलले, पण वापरणाऱ्यांचे दप्तर बंद पडले नाही.

दुसरे उदाहरण इथरपॅडचे. अनेकांनी एकाच पानावर एकाच वेळी लिहावे, असे हे साधन २००८ मध्ये निघाले. डिसेंबर २००९ मध्ये गुगलने ती कंपनी घेतली आणि सेवा बंद होणार असे जाहीर झाले. वापरणाऱ्यांनी ओरड केली, तेव्हा त्याच महिन्यात मूळ लेख खुला करण्यात आला. कंपनी गेली, पण इथरपॅड आजही जगभर अनेक ठिकाणी चालते. पाकीट असते तर दुकानाबरोबर ते संपले असते.

खिडकीत येणे सोपे नव्हते

लिबरऑफिस हे मुळात संगणकात बसवण्याचे साधन. ते खिडकीत कसे आणावे, याचा पहिला नमुना २०११ साली दाखविण्यात आला. प्रत्यक्ष काम पुढे कोलॅबोरा या कंपनीने केले आणि २०१५ च्या अखेरीस ते वापरून पाहण्याजोगे झाले. आज कोलॅबोरा ऑनलाइन, ओन्लीऑफिस, क्रिप्टपॅड आणि इथरपॅड ही या जातीची नावाजलेली साधने आहेत. फायली ठेवण्यासाठी नेक्स्टक्लाउड नावाचे खुले कपाट असते, आणि त्या कपाटाला यांपैकी एखादे लिहिण्याचे टेबल जोडून घेता येते.

यांच्या कामाच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत. कोलॅबोरात कागद सर्व्हरवरच राहतो. पानाचे लहान-लहान चौकोनी चित्रतुकडे आपल्या खिडकीत येतात आणि आपण दाबलेली अक्षरे परत सर्व्हरकडे जातात. ओन्लीऑफिसमध्ये पान रंगवण्याचे काम आपल्याच ब्राउझरमध्ये होते. इथरपॅड फक्त बदललेला मजकूर इकडून तिकडे पाठवते, म्हणून ते हलके. क्रिप्टपॅडमध्ये मजकूर आपल्याच संगणकात कुलूपबंद होऊन मग सर्व्हरकडे जातो, त्यामुळे सर्व्हर चालवणाऱ्यालासुद्धा तो वाचता येत नाही. जसे काम, तसे साधन निवडावे. सभेचे टिपण इथरपॅडवर भागेल, पण हजार ओळींच्या तक्त्याला मोठे साधन लागेल.

परवान्याचाही एक बारकावा आहे. जुन्या खुल्या परवान्यात अट अशी, की सुधारलेली प्रत दुसऱ्याला दिली तर तिचा मूळ लेखही द्यावा. पण सर्व्हरवर चालणारी प्रणाली कुणाला दिलीच जात नाही, ती नुसती वापरू दिली जाते. या फटीतून सुधारलेले बेणे लपवून ठेवता येई. ती बुजवण्यासाठी २००७ साली एजीपीएल हा परवाना आला: खिडकीतून वापरू दिले तरी मूळ लेख मागणाऱ्याला दिला पाहिजे. ओन्लीऑफिस, क्रिप्टपॅड आणि नेक्स्टक्लाउड यांना हाच परवाना लागू आहे.

खुल्या प्रकल्पांना यातून काय मिळते

खुल्या प्रणाली घडवणारी माणसे जगभर विखुरलेली असतात. एक पुण्यात, एक बर्लिनमध्ये, एक ब्राझीलमध्ये. त्यांच्याही बैठका होतात, जमाखर्च असतो, माहितीपत्रके निघतात. खिडकीतल्या कचेरीमुळे नव्या माणसाला काही बसवून घ्यावे लागत नाही. दुवा उघडला की तो कामाला लागला. साधा संगणक असो की मोबाईल, विंडोज असो की लिनक्स, पान सर्वांना सारखे दिसते. ज्याला प्रोग्रॅम लिहिता येत नाही पण चुका काढता येतात, भाषांतर करता येते, असा शिक्षक किंवा विद्यार्थीही हातभार लावू शकतो. आम्हाला हा लाभ सर्वांत मोठा वाटतो, कारण कुठलाही सहकारी उद्योग थोड्या तज्ज्ञांवर नव्हे, तर पुष्कळ हातांवर वाढतो.

पण हीच मंडळी आपले टिपण बंद कंपनीच्या खिडकीत ठेवीत असतील तर काय म्हणावे? स्वतःचा काटा उभारायचे सोडून दुसऱ्याच्या काट्यावर ऊस मोजण्यातला तो प्रकार. म्हणून खुल्या प्रकल्पांनी खुलीच कचेरी वापरावी, हा आग्रह रास्त आहे. वापर वाढला की दोष कळतात, दोष कळले की दुरुस्ती होते.

सरकारेही या वाटेने निघाली आहेत. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्याकडे केरळने शाळांतून खुल्या प्रणाली कित्येक वर्षांपासून रुजवल्या आहेत. भारत सरकारचे खुल्या मानकांचे धोरण २०१० चे आणि खुल्या प्रणालींचे धोरण २०१५ चे आहे.

फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संगणकात बसवण्याची प्रणाली एकदा उतरवून घेतली की झाले. खिडकीतल्या प्रणालीचा सर्व्हर मात्र रात्रंदिवस चालू लागतो. वीज, जागा, सुरक्षा, दररोजची राखीव प्रत आणि हे सगळं बघणारा जाणता माणूस, यांना पैसा लागतो. बेणे फुकट मिळाले तरी नांगरट, खत, पाणी सुटत नाही ना, तसंच हे.

लिबरऑफिसच्या घरातच याची प्रचिती आली. ऑनलाइन शाखेचे बहुतेक काम कोलॅबोराचे पगारी लोक करीत होते. ते सगळ्यांना आयते मिळू लागले तर त्या पगाराचा पैसा कुठून येणार, आणि संस्थेने तयार माल स्वतःच्या नावाने द्यावा की नाही, यावर वाद झाला. शेवटी २०२० साली कोलॅबोराने आपले काम स्वतंत्र जागी हलविले, आणि त्या वेळी फाउंडेशनकडील शाखेचे काम थांबले. मूळ लेख खुलाच राहिला, म्हणून वापरणाऱ्यांचे अडले नाही. पण धडा मिळाला. खाणारे सगळे आणि भागभांडवल कुणाचेच नाही, अशी सहकारी संस्था चालत नाही.

हे आपल्याला कुणी शिकवायला नको. प्रवरानगरचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला, तो शेतकऱ्यांनी पदरचे शेअर घातले म्हणून. एकट्याला गिरणी परवडत नव्हती, सर्वांना मिळून परवडली. खुल्या कचेरीचेही तेच गणित आहे. एका कारखान्याने सर्व्हर आणि जाणता माणूस ठेवणे जड जाईल. पण जिल्ह्यातले दोन-चार कारखाने, बाजार समित्या, दूध संघ आणि सोसायट्या एकत्र आल्या तर खर्च विभागला जातो. बेणे खुले असल्यामुळे अशा एकत्र येण्याला कुणाची परवानगी लागत नाही. या प्रकल्पांचे खरे सामर्थ्य, आमच्या मते, येथेच आहे.

मराठीचे काय?

ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे अहवाल उघडून पाहिले असतील त्यांना हा अनुभव असेल: मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी. कारण त्या काळच्या पुष्कळ फाँटमध्ये आत रोमन अक्षरांचेच क्रमांक असत आणि वरून त्यांना देवनागरीचे कपडे चढवलेले असत. फाँट गेला की कपडे गेले. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे फाँट कोणताही असो, 'ऊस' हा 'ऊस'च राहतो. ब्राउझर मुळातच युनिकोडवर चालतात, म्हणून खिडकीतली कचेरी मराठीला सोयीची.

खुल्या जगात मराठीसाठी पुण्यात पुष्कळ काम झाले आहे. सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांतील ओपनऑफिस तयार केले. रेड हॅट कंपनीने लोहित हे फाँट खुले केले. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त हा देखणा फाँटही खुला आहे. लिबरऑफिसच्या सूचना मराठीत मिळतात, आणि त्यांचे भाषांतर वेबलेट नावाच्या साधनावर, तेही ब्राउझरमध्येच, चालते. आपल्या घरातला कॉलेजात शिकणारा मुलगा-मुलगी जळकोटात बसून ते सुधारू शकते. 'डिलीट'ला काय म्हणावे हे पुण्या-मुंबईनेच ठरवावे असे थोडेच आहे?

आपल्याकडच्या अडचणी

आपला भाग बालाघाटच्या डोंगररांगांचा. वाडी-तांड्यावर रेंज येते नि जाते, लाईटचे तर बोलायलाच नको. खिडकीतली कचेरी इंटरनेटवर अवलंबून असते, हे तिचे मोठे उणे. चित्रतुकडे पाठवणारी साधने रेंज ढिली पडली की अडखळतात. म्हणून फडावर चिटबॉयच्या हातात अशी प्रणाली देऊन भागणार नाही. तिथे नोंद आधी मोबाईलमध्ये साठवून रेंज आल्यावर पाठवणारी व्यवस्था हवी, आणि कागदी पावती तर हवीच हवी. काट्याचा हिशेब व बिले यांसाठीही वेगळ्या प्रणाली असतात. कचेरी-प्रणालीने ती जागा घेऊ नये. पत्रव्यवहार, सभांची इतिवृत्ते, गटवार याद्या, तोडणीचे नियोजन, हे हिचे क्षेत्र.

दुसरी काळजी खाजगीपणाची. सभासदाचे बँक खाते, आधार क्रमांक, कर्ज ही माहिती दुवा पाठवून कुणालाही उघडता येईल अशी ठेवणे धोक्याचे. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अशी माहिती बाळगणाऱ्या संस्थांवर जबाबदारी टाकली आहे. गावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांचे दप्तरही आता संगणकावर जात आहे. केंद्राने २०२२ साली ६३,००० सोसायट्यांसाठी तशी योजना मंजूर केली. तेव्हा हा विषय उद्याचा राहिलेला नाही.

सभासदांनी विचारावयाचे प्रश्न

प्रणाली कोणतीही घ्या, खुली वा बंद, पण पुढील प्रश्न सर्वसाधारण सभेत विचारण्याचा सभासदांना हक्क आहे, आणि ते विचारलेच पाहिजेत.

१) आपली सर्व नोंद, करार संपल्यावरही, ओडीएफसारख्या खुल्या स्वरूपात बाहेर काढून घेता येईल काय? (ओडीएफ हे कागदपत्रांचे आंतरराष्ट्रीय मानक २००६ पासून मान्य आहे.)

२) राखीव प्रत रोज निघते काय, ती दुसऱ्या जागी ठेवली जाते काय, आणि ती उघडून पाहण्याची चाचणी शेवटची केव्हा झाली?

३) मुख्य पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात आहे की संस्थेच्या तिजोरीतही आहे?

४) सर्व मजकूर युनिकोड मराठीत आहे काय?

५) कोणी कोणती नोंद केव्हा बदलली, हे सभासदाला मागितल्यावर दाखवता येते काय?

६) इंटरनेट बंद असताना काम कसे चालेल?

या सहांपैकी पहिल्या प्रश्नाला जिथे 'नाही' असे उत्तर येईल, तिथे बाकीची उत्तरे कितीही गोड असली तरी सावध राहावे. कारण दप्तर आपले, राबणूक आपली आणि किल्ली मात्र परक्याच्या कमरेला, असा तो व्यवहार होईल. खुल्या प्रणालीत किल्ली आपसूक हाती येते असेही नाही. तिच्यासाठी माणूस शिकवावा लागतो, खर्च सोसावा लागतो. पण ती घेण्याची मुभा तरी असते. आपल्या कार्यक्षेत्रातील मुलांमुलींनी हे काम शिकावे आणि कारखान्याने एका गटापुरती, इतिवृत्ते व याद्या यांवर, एक हंगाम याची परीक्षा पाहावी, असे आम्ही सुचवितो. बेणे नवीन असले की आपण आधी दोन सऱ्या लावून बघतो. तितकेच.